प्रभागाचं दप्तर: जुने नकाशे कसे जपायचे आणि नव्या रचनेवर हरकत कशी घ्यायची

पालिका निवडणुकीची प्रारूप, म्हणजे कच्ची, प्रभागरचना जाहीर झाली त्या रात्री आमच्या परिसराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशेच्या वर निरोप आले. "आपली गल्ली तोडली." "मुद्दाम केलंय." "वरून फोन आला असणार." साडेअकराला एका काकूंनी विचारलं, "पण मागच्या वेळची हद्द नेमकी कुठून जात होती?" आणि ग्रुप गप्प झाला. कोणाकडेच नकाशा नव्हता. एकाने २०१७ चा एक फोटो शोधून टाकला. तो इतक्या फोनांतून फिरून आला होता की रेषा कुठली आणि कागदाची घडी कुठली, ते कळेना. संकेतस्थळावरची जुनी लिंक उघडेना. हरकतींची मुदत संपेपर्यंत ग्रुपच्या वतीने एकच पत्र गेलं. त्यात दोन पानं संताप होता आणि एकाही प्रगणक गटाचा (जनगणनेसाठी पाडलेल्या शहराच्या तुकड्याचा) क्रमांक नव्हता. सुनावणीला मी गेले होते. दीड मिनिटात बाहेर आले.

आमचं म्हणणं बरोबर होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. ते तपासायला लागणारा कागदच आमच्यापाशी नव्हता. त्यानंतर आम्ही दप्तर ठेवायला लागलो. पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधून ठेवलेले असतात, तसे आमचे प्रत्येक निवडणुकीचे 'रुमाल' आहेत, फक्त ते पेनड्राइव्हवर आहेत. हे काम कसं करायचं ते खाली लिहिते आहे. कॉम्प्युटरचं खास ज्ञान लागत नाही. चिकाटी लागते, आणि थोडं चालावं लागतं.

पायरी पहिली: मुदतीला एवढं महत्त्व का, ते समजून घ्या

प्रभागाची हद्द एकदा अंतिम अधिसूचनेत छापली गेली की ती हलवणं फार कठीण. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि तिच्यासोबत राज्यघटनेत २४३-झेडजी हे कलम आलं. प्रभागांच्या सीमा आणि जागावाटप ठरवणाऱ्या कायद्याला न्यायालयात आव्हान देता येणार नाही, आणि निवडणुकीवर आक्षेप घ्यायचा तर तो निवडणूक याचिकेनेच घ्यायचा, असं हे कलम सांगतं.

न्यायालयं अजिबात हात लावत नाहीत असं मात्र नाही. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे आणि केपे या पाच पालिकांचं प्रभाग-आरक्षण रद्द केलं. महिलांसाठी एक-तृतीयांश जागा नीट राखल्या गेल्या नव्हत्या, हा त्यातला मोठा मुद्दा होता. १२ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला, आणि राज्याच्या कायदा सचिवाकडेच निवडणूक आयुक्तपदाचा जादा कार्यभार देणं चुकीचं आहे, हेही ठणकावून सांगितलं. पण तिथे वाद आरक्षणाच्या आकड्यांचा होता, आणि याचिका निवडणूक जाहीर होण्याआधी दाखल झाल्या होत्या. हद्दीच्या वादात असा तयार आकडा समोर नसतो, तो आपल्यालाच मोजून काढावा लागतो.

महाराष्ट्रात अडचण आणखी एक आहे. खेळाचे नियमच दर वेळी बदलतात. पुण्यात २००२ साली तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये चौघांचा. त्याच घरात राहणाऱ्या माणसाने चार निवडणुकांत चार पद्धतींनी मतदान केलं. मुंबईत प्रभाग एकसदस्यीयच राहिला, पण संख्या २२७ वरून २३६ वर गेली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा २२७ वर आली. मधल्या २३६ च्या रचनेचे नकाशे निघाले होते, लोकांनी हरकती घेतल्या होत्या, सुनावण्या झाल्या होत्या. ते सगळं बासनात गेलं. मार्च २०२२ मध्ये राज्याने कायदा बदलून प्रभागांची संख्या आणि हद्दी ठरवण्याचे अधिकारही आपल्याकडे घेतले. अशा उलथापालथीत मागच्या फेरीचे कागद कुठलंही कार्यालय आपल्यासाठी हौसेने मांडून ठेवत नाही.

पायरी दुसरी: ग्रुपला गोदाम समजू नका

गप्पांना, निरोपांना, माणसं गोळा करायला व्हॉट्सॲप उत्तम. साठवणीला वाईट. फोटो म्हणून पाठवलेला नकाशा दाबून लहान केला जातो, आणि तो कधी, कुठे काढला ही माहिती पुसली जाते. म्हणून पहिला नियम: कागदाचा फोटो असो की पीडीएफ, तो 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवायचा. दुसरा: ग्रुपवर 'गायब होणारे निरोप' चालू असतील तर ते बंद करा. आमच्याकडे कोणीतरी फोनमध्ये जागा होत नाही म्हणून ९० दिवसांचं सेटिंग लावून ठेवलं होतं, आणि सहा महिने ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

ऑर्कुटवरच्या मराठी कम्युनिट्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना जास्त समजवावं लागणार नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० ला. दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेलं सामान कधीतरी उचलावंच लागतं.

म्हणून एक वेगळी जागा करा. ड्राइव्हचं खातं एका माणसाच्या नावावर नको. त्याचं घर बदलतं, पक्ष बदलतो, कधी कधी मनही. दोघांकडे पासवर्ड असलेलं स्वतंत्र खातं उघडा. गुगल दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकू शकतं, आणि पालिकेच्या दोन निवडणुकांत पाच वर्षांचं अंतर असतं (अलीकडे त्याहूनही जास्त). तेव्हा वर्षातून एकदा तरी त्यात लॉगिन करायचंच. शिवाय सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्याच कोणाच्या घरी असलेल्या हार्ड डिस्कवर. तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत घराबाहेर, हे गणित जगभरचे दप्तरदार पाळतात.

पायरी तिसरी: रुमालात काय काय बांधायचं

प्रारूप अधिसूचना आणि प्रभागाचा नकाशा सगळेच घेतात. त्याच्यासोबतचं परिशिष्ट घ्यायला बहुतेकजण विसरतात, आणि खरी गंमत त्यात असते. परिशिष्टात प्रभागाची एकूण लोकसंख्या, अनुसूचित जातींची आणि जमातींची लोकसंख्या, व्याप्ती आणि चतुःसीमा (चारी बाजूंच्या हद्दींचं वर्णन) दिलेली असते. नकाशा आणि चतुःसीमा जुळत नसतील तर ती एकटीच एक चांगली हरकत होते.

प्रगणक गटांची यादी जरूर मिळवा. जनगणनेसाठी शहराचे जे तुकडे पाडले जातात, साधारण सव्वाशे-दीडशे घरांचा एक, त्यांना प्रगणक गट म्हणतात. प्रभाग या विटांनी बांधला जातो. ही यादी सगळीकडे आपणहून लावली जात नाही, मागावी लागते.

मग अंतिम अधिसूचना, आरक्षण सोडतीचा निकाल, प्रारूप आणि अंतिम मतदार यादी, मतदान केंद्रांची यादी, मतमोजणीचे आकडे. आरक्षणाचा इतिहास मुद्दाम ठेवा. कुठली जागा कुठल्या वर्षी महिलांसाठी, कुठली अनुसूचित जातींसाठी होती, हे सलग लिहिलेलं असेल तरच चक्रानुक्रम, म्हणजे आरक्षणाची आळीपाळी, नीट फिरला की नाही ते बघता येतं. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, त्यामुळे या तक्त्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. पण तक्ता मात्र कोणाकडेच नसतो.

गावाकडच्या वाचकांसाठी: तुमच्याकडे प्रभागाऐवजी जिल्हा परिषदेचा गट आणि पंचायत समितीचा गण. एका गटात दोन गण. हरकत जिल्हाधिकारी किंवा तहसीलदार कार्यालयात द्यायची. बाकी रीत हीच.

पायरी चौथी: जाहीर झालं त्याच दिवशी

उद्यावर टाकू नका. प्रारूप जाहीर झालं की संध्याकाळपर्यंत तीन गोष्टी करायच्या.

एक, पीडीएफ उतरवून घ्या, उघडून बघा, सगळी पानं आहेत ना ते मोजा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग 'प्रारूप' किंवा 'अंतिम', मग प्रभाग क्रमांक. म्हणजे यादी आपोआप तारखेने लागते. नावं रोमन अक्षरांत ठेवली तर बरं. देवनागरी नावांचे झिप करताना कधी कधी नुसते चौकोन होतात.

दोन, ज्या पानावर ती पीडीएफ लावली आहे त्या पानाचा पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनला द्या. ही संस्था १९९६ पासून जगभरची वेबपानं साठवते आहे, आणि 'हे पान आत्ता साठवा' ही सोय कोणालाही फुकट आहे. फायदा असा की तारीख तिऱ्हाइताने टाकलेली असते, आपण नाही. पण साठवलं असं म्हणून निघून जाऊ नका. काही सरकारी संकेतस्थळं परदेशातून उघडतच नाहीत (अमेरिकेतल्या भाच्याला लिंक पाठवून बघा, कळेल), आणि मग वेबॅकच्या हाती रिकामं पान लागतं. साठवलेली प्रत उघडून बघायची. नकाशाच्या पीडीएफचा पत्ता वेगळा असेल तर तोही स्वतंत्र द्यायचा.

तीन, क्षेत्रीय कार्यालयात जा. पडद्यावरची पीडीएफ बहुतेक वेळा इतकी बारीक असते की गल्लीचं नाव वाचता येत नाही. मोठा नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर असतो. आधी सूचना फलकासकट एक लांबून फोटो. मग समोर सरळ उभं राहून नकाशाचे चार-सहा तुकडे, प्रत्येक तुकडा शेजारच्यावर थोडा चढलेला. खालची सही, शिक्का आणि दिशेचा बाण राहू देऊ नका. तिरका फोटो सहाव्या पायरीला निरुपयोगी ठरतो.

फाइल तीच आहे, नंतर कोणी बदललेली नाही, हे दाखवायची एक सोपी युक्ती आहे. विंडोजवर सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर असेल तर फाइलवर उजवं क्लिक करून एसएचए-२५६ काढता येतो. ती ६४ अक्षरांची एक ओळ असते, फाइलच्या अंगठ्याच्या ठशासारखी. फाइलमधलं एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ओळ पूर्ण बदलते. ती ओळ, तारीख आणि उतरवणाऱ्याचं नाव एका वहीत लिहून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याच्या नमुन्यात हा ठसा लिहायची जागाच दिलेली आहे. कोर्टाची पायरी चढायची वेळ येईल न येईल. सुनावणीत "ही तुमची फाइल नाही" असं कोणी म्हणालं तर वही कामाला येते.

जुन्या अधिसूचनांबद्दल एक टीप. त्यातल्या कित्येक युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टंकलेल्या आहेत. त्यातला मजकूर कॉपी करून चिकटवला की अगम्य चिन्हं उमटतात, आणि शोध घेतला तर काहीच सापडत नाही. अशी पीडीएफ गुगल ड्राइव्हवर चढवून 'डॉक्स'मध्ये उघडली की मजकूर बऱ्यापैकी ओळखला जातो. आकडे मात्र डोळ्यांनी पुन्हा ताडून बघा. आणि मूळ फाइल फेकू नका.

पायरी पाचवी: आकडेमोड, कागदावर

सूत्र साधं आहे. शहराची लोकसंख्या भागिले एकूण सदस्य, गुणिले त्या प्रभागातले सदस्य. येणाऱ्या सरासरीपेक्षा दहा टक्के कमी-जास्त चालतं. समजा शहर ६,००,००० चं आणि सदस्य ८०. एका सदस्यामागे ७,५०० लोक. चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी ३०,०००, म्हणजे २७,००० ते ३३,००० च्या आत तो बसला पाहिजे. तीन सदस्यांचा असेल तर सरासरी २२,५००, आणि हद्द २०,२५० ते २४,७५०. परिशिष्टातले सगळे प्रभाग एका तक्त्यात भरा. आपलाच नको, सगळे. नव्वद टक्के वेळा आपला प्रभाग मर्यादेत असतो, आणि मग कळतं की भांडण लोकसंख्येचं नाही, हद्दीचं आहे.

आता कडू गोष्ट. ही लोकसंख्या २०११ ची आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांचं जे मतदान झालं, तेही २०११ च्या आकड्यांवर पाडलेल्या प्रभागांतून. पंधरा वर्षांपूर्वी जिथे ज्वारी होती तिथे आज वीस मजल्यांच्या इमारती आहेत, पण कागदावर तिथे अजून ज्वारीच. कागदावर सारख्या असलेल्या दोन प्रभागांत मतदार दुप्पट-तिप्पट फरकाने असू शकतात. एका मताची किंमत दुसऱ्याच्या निम्मी होते ती अशी. यावर हरकत घेतलीत तर ती टिकणार नाही, कारण कायदा शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेचाच आकडा मानतो. तरीही प्रत्येक प्रभागाचे मतदार आणि २०११ ची लोकसंख्या शेजारी-शेजारी मांडून ठेवा. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्या आकड्यांवर नवी रचना होईल तेव्हा हा तक्ता सोन्याच्या मोलाचा असेल.

पायरी सहावी: जुनं आणि नवं एकमेकांवर ठेवा, मग पायी फिरा

कॉम्प्युटरवर गुगल अर्थ प्रो मोफत मिळतं. त्यात नकाशाचा फोटो जमिनीवर 'आच्छादन' म्हणून टाकता येतो. पारदर्शकता निम्मी करा, हिरव्या कडा ओढून दोन-तीन ओळखीच्या खुणा जुळवा: रेल्वे पूल, मोठा चौक, देऊळ. मग हद्दीवरून माउसने रेषा गिरवा आणि ती केएमएल फाइल म्हणून साठवा. जुन्या रचनेची रेषा लाल, नव्याची निळी. दोन्ही एकदम दाखवल्या की मधली पट्टी डोळ्यांसमोर येते. आमच्याकडे ती पट्टी दोन गल्ल्यांची निघाली. दोनशे निरोपांत मात्र अख्खी वस्ती तोडल्याचा गलका होता.

मग ती पट्टी पायी फिरायची. एकाने चतुःसीमा मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने चालायचं. आमच्या चतुःसीमेत लिहिलं होतं, "नाल्याच्या पश्चिम काठाने दक्षिणेस". नाला कुठेच दिसेना. स्लॅब टाकून त्यावर रस्ता झाला होता, आणि चाळिशीच्या आतल्या कोणालाच तो आठवत नव्हता. शेवटी कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या आजींनी काठीने दाखवलं, "हितनं पाणी जायचं बाळा, पलीकडं माझं माहेर." नैसर्गिक हद्द म्हणून जी रेषा कागदावर होती, ती प्रत्यक्षात एका इमारतीच्या पार्किंगमधून जात होती. ही हरकत मान्य झाली. आमची मान्य झालेली पहिली हरकत.

काय बघायचं? रचना उत्तरेकडून सुरू होऊन ईशान्येकडे, मग पूर्वेला, तिथून पश्चिमेकडे सरकत शेवटी दक्षिणेला संपली पाहिजे, असा आदेश असतो. क्रमांकही त्याच वाटेने. हद्द मोठे रस्ते, नद्या, नाले, रेल्वेमार्ग धरून असावी. प्रगणक गट शक्यतो फुटू नये. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांचे तुकडे पडू नयेत. या चारपैकी एखादी गोष्ट मोडलेली दिसली की जागा, फोटो आणि तारीख लिहून घ्या.

पायरी सातवी: हरकत लिहिणं

एकाच मजकुराच्या तीनशे प्रती काढून वाटू नका. तीनशे सह्यांचं समाधान मिळतं, पण त्यांची दखल एका ओळीत घेतली जाते. त्यापेक्षा पाच वेगवेगळी पत्रं, प्रत्येकात एक मुद्दा, प्रत्येकावर त्या जागी राहणाऱ्याची सही.

आणि पर्याय द्या. हे मी ठळक अक्षरांत लिहायला हवं. अधिकाऱ्याला आपला प्रभाग दुरुस्त करताना शेजारचा मोडता येत नाही. आपणच दोन्हीची बेरीज-वजाबाकी करून दिली तर त्याचं काम सोपं होतं. आम्ही वापरतो तो मजकूर असा:

"विषय: प्रारूप प्रभागरचनेतील प्रभाग क्र. ११ व १२ च्या हद्दीबाबत हरकत व सूचना.
महोदय, प्रगणक गट क्र. (…) हा प्रारूपानुसार प्रभाग ११ आणि १२ यांत विभागला गेला आहे. सोबत नकाशा व दोन छायाचित्रे जोडली आहेत. प्रगणक गट शक्यतो फोडू नये या निर्देशाशी हे विसंगत आहे. सबब सदर गट पूर्णपणे प्रभाग १२ मध्ये समाविष्ट करावा. तसे केल्यास प्रभाग ११ ची लोकसंख्या (…) व प्रभाग १२ ची (…) होईल. दोन्ही विहित मर्यादेत राहतात. सुनावणीस उपस्थित राहून बाजू मांडण्याची संधी मिळावी, ही विनंती."

संपलं. 'षड्‌यंत्र' हा शब्द नको. "आमच्या नगरसेवकाला अडचण होईल" हे तर चुकूनही नको. ती हरकत नव्हे, ती जाहिरात झाली. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पोच नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजा. पोचेचा फोटो त्याच दिवशी दप्तरात.

सुनावणीला नकाशाची मोठी रंगीत छपाई न्या. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. आधी आपला मुद्दा, मग पर्याय, मग आकडा. आलेल्या बाकी हरकतींवर काय निर्णय झाला त्याचा तक्ताही नंतर मागून घ्या.

पायरी आठवी: ग्रुपमध्ये कोण नाही?

हे खरं तर पहिलं लिहायला हवं होतं. लाज वाटते म्हणून मागे ठेवलं.

दप्तर सुरू केल्यावर आम्ही तीन वर्षांपूर्वीच्या ग्रुपच्या गप्पा निर्यात करून साठवल्या. त्यात आमच्याच पहिल्या हरकतीचा कच्चा मसुदा सापडला. त्यात आमच्या इमारतींमागची वस्ती "सोयीसाठी" शेजारच्या प्रभागात टाकावी, अशी मागणी होती. वस्तीतल्या एकालाही विचारलेलं नव्हतं, कारण वस्तीतला एकही माणूस ग्रुपमध्ये नव्हता. ग्रुप होता सोसायट्यांच्या सेक्रेटऱ्यांचा आणि त्यांच्या ओळखीच्यांचा. मसुदा काढून टाका, असं तिघांनी मला खासगीत सांगितलं. मी काढला नाही. आपल्याला न शोभणारा कागदही ठेवायचा, नाहीतर ते दप्तर राहत नाही, नुसता अल्बम होतो.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. वस्तीच्या महिला बचत गटातल्या दोघी ग्रुपमध्ये आल्या, आणि ॲडमिन तीन झाले, एकमेकांशी न पटणाऱ्या पक्षांचे दोन आणि एक मी. कोणाचीही हरकत, ती ग्रुपला पटो न पटो, दप्तरात जाते. पुसायचं असेल तर तिघांची संमती लागते. अजून एकदाही तिघांचं एकमत झालेलं नाही. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी प्रारूप जाहीर झालं की एक छापील पान रेशन दुकानाशेजारी चिकटवतो.

पायरी नववी: मतदार यादी, आणि तिची जबाबदारी

हद्द बरोबर आली तरी यादी फोडताना घोळ होतो. स्थानिक निवडणुकीसाठी विधानसभेचीच यादी प्रभागांत विभागतात (गेल्या वेळी १ जुलै २०२५ ची होती). इथे नवीन नाव घालणं किंवा वगळणं होत नाही. अख्खी इमारत चुकून पलीकडच्या प्रभागात गेली, यासारख्या चुका मात्र हरकत घेऊन दुरुस्त होतात. प्रत्येक गल्लीतल्या एकाने आपल्या इमारतीची नावं तपासायची, एवढं वाटून घेतलं की संध्याकाळभराचं काम.

मतदार यादी ग्रुपवर टाकू नका. त्यात नाव, वय, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, घर क्रमांक असतो, आणि एकट्या राहणाऱ्या बाईला तेवढं पुरतं घाबरवायला. यादी बंद फोल्डरमध्ये, तिघांच्याच हाती. इतरांना फक्त मोजणी सांगायची.

पायरी दहावी: शांत वर्षांत माहितीचा अधिकार

जुने कागद मागायची वेळ निवडणूक नसताना. माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे, आणि हरकतीची मुदत त्याआधीच संपते. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, छायाप्रतीला पानामागे २ रुपये. "प्रभागरचनेची सर्व माहिती द्यावी" असं लिहिलंत तर काही मिळणार नाही. "२०१७ च्या अंतिम प्रभागरचनेतील प्रभाग क्र. अमुकमधील प्रगणक गटांची यादी व नकाशाची प्रत", एवढंच लिहा. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील.

जुन्या उमेदवारांच्या घरी जा. हरलेल्यांच्या आधी. जिंकणाऱ्याचे कागद कार्यालयात विरून जातात, हरलेला माणूस नकाशे, मतदान केंद्रनिहाय आकडे, सगळं माळ्यावर जपून ठेवतो. आम्हाला २००७ चा एकसदस्यीय वॉर्डाचा नकाशा अशाच एका घरी मिळाला, गणपतीच्या मखराच्या खोक्यात, गुंडाळी करून. चहा दोनदा घ्यावा लागला आणि पराभवाची गोष्ट पूर्ण ऐकावी लागली.

देखभालीला आम्ही खंडेनवमी ठरवून घेतली आहे. शस्त्रांची, अवजारांची पूजा होते त्या दिवशी तिन्ही प्रती उघडायच्या, वहीतल्या पाच-सहा ठशांची ओळ पुन्हा काढून ताडायची, ड्राइव्हच्या खात्यात लॉगिन करायचं. गेल्या खंडेनवमीला एक पेनड्राइव्ह उघडलाच नाही. हार्ड डिस्कवरून सगळं नव्यावर उतरवून घेतलं, ठसे जुळले. पेनड्राइव्हचे साडेचारशे रुपये बचत गटाच्या ताईंनी खर्चाच्या वहीत मांडले आणि पावती मागितली.